फंक्शनला उत्तर सापडतंय, पण हातात ‘नन’च येतंय. का?

खानापूरकर_पोरगा
नमस्कार मंडळी. मी बीसीए दुसऱ्या वर्षाला आहे, गाव खानापूर तालुक्यात. घरात जमिनीच्या वाटणीचं चाललंय म्हणून आजोबांनी सांगितलं, आमची वंशावळ कॉम्प्युटरवर घाल. म्हटलं चला, पायथन पण शिकून होईल. मूळपुरुषापासून २१४ माणसं घातलीत. प्रत्येक माणसाला नाव आणि ‘मुलं’ अशी यादी. आता नाव दिलं की माणूस शोधून द्यायचं फंक्शन लिहिलंय. मोबाईलवर कीबोर्ड मराठी आहे म्हणून सगळं देवनागरीतच टंकलंय, कीवर्ड तुम्ही मनात इंग्रजी करून वाचा.

डेफ शोध(माणूस, नाव):
    इफ माणूस.नाव == नाव:
        प्रिंट("सापडला")
        रिटर्न माणूस
    फॉर मूल इन माणूस.मुलं:
        शोध(मूल, नाव)

आता ‘परशराम’ शोधला की स्क्रीनवर ‘सापडला’ येतंय. पण क = शोध(मूळपुरुष, "परशराम") करून क छापला की नन (पायथनचं ‘काहीच नाही’)! सापडला म्हणून तोच सांगतोय आणि देताना हात रिकामे. दोन दिवस डोकं खाऊलंय हे.

पुण्यात_बेळगावकर
शेवटच्या ओळीत रिटर्न राहिलंय. ‘रिटर्न शोध(मूल, नाव)’ कर. विषय संपला.

अथणीअण्णा
तमा, असं बघ. घरातनं बाहेर पडताना आपण ‘जातो’ म्हणतो काय? ‘येतो’ म्हणतो. आमच्या घरी कन्नडमध्ये ‘होगि बर्तीनि’, म्हणजे जाऊन येतो. तुझ्या फंक्शननं शेवटच्या ओळीत ‘जातो’ म्हटलंय आणि गेलंय.

टिळकवाडी_काकू
अण्णा, छान सांगितलंत. मला प्रोग्रामिंग येत नाही, मुलीमुळे कानावर पडतं तेवढंच. पण हे कळलं.

निपाणीचा_नाना
मी सांगू? आज्जीनं बाबांना सांगितलं, शहापुरातनं पाव किलो कुंदा आण. बाबांनी मला सांगितलं. मी धाकट्याला पिटाळलं. धाकट्यानं दुकानात जाऊन ‘गावला!’ म्हणून आरोळी ठोकली (हे तुझं प्रिंट), कुंदा आणून माझ्या हातात दिला. मी तो तिथंच जिन्यात बसून खाल्ला. आज्जीला काय मिळालं? नन.
धाकट्यानं त्याचं काम चोख केलंय हे लक्षात घे. तुझं आतलं ‘रिटर्न माणूस’ बरोबरच आहे. ते उत्तर फक्त एक पायरी वर येतं, ज्यानं बोलावलं त्याच्यापाशी. तिथनं पुढं न्यायचं काम मधल्याचं.

घटप्रभा
ह्या नानाला कुठल्याही धाग्यावर कुंदा आठवतो.

खानापूरकर_पोरगा
पुण्यात_बेळगावकर, तुम्ही सांगितलं तसं रिटर्न लावलं. आता तर ‘सापडला’ पण येत नाही!! आधी निदान सापडत होता. परशराम धाकट्या पातीत (शाखेत) आहे, मी स्वतः घातलाय त्याला.

पुण्यात_बेळगावकर
इंडेंटेशन (ओळीआधीची मोकळी जागा) तपास.

खानापूरकर_पोरगा
तपासलं. बरोबर आहे.

मार्कंडेय_काठ
इंडेंटेशन नाही हो. सल्लाच अर्धा होता. फॉरच्या आत बिनशर्त रिटर्न लावलं की पहिल्या मुलाचं जे काही उत्तर येईल ते घेऊन फंक्शन बाहेर पडणार, मग ते नन का असेना. दुसऱ्या मुलाची पाळीच येत नाही. म्हणजे तुझा शोध मूळपुरुष, त्याचा थोरला, थोरल्याचा थोरला, त्याचा थोरला असा खाली जातो. तिथं मुलं संपली की नन, आणि तेच नन इमानदारीनं वरपर्यंत पोचवलं जातं. मधली पाती, धाकटी पाती, कुणाचं दार वाजवलेलंच नाही.

उत्तर आधी हातात घे, बघ, मग ठरव:

    फॉर मूल इन माणूस.मुलं:
        उत्तर = शोध(मूल, नाव)
        इफ उत्तर इज नॉट नन:
            रिटर्न उत्तर
    रिटर्न नन

शेवटचं ‘रिटर्न नन’ नाही लिहिलं तरी पायथन स्वतःहून तेच करतो. तरी लिही. वाचणाऱ्याला कळतं की सगळ्या पात्या पालथ्या घालून झाल्या, नाही मिळाला.

आणि फॅक्टोरियलवर हे कधी कळत नाही, कारण तिथं एकच फांदी. कॉलेजात फॅक्टोरियल शिकवतात, पोरं मान डोलावतात आणि झाड आलं की आपटतात.

पुण्यात_बेळगावकर
मान्य. घाईत लिहिलं. थोरल्या पातीचा असल्यामुळे बाकीचे दिसले नसावेत. :)

अथणीअण्णा
हाहा. वाटणीत पण असंच होतं.

देसूर_रोड
एक शंका. मागच्या वर्षी आम्हाला सी होतं. मसावि काढायचं फंक्शन मी रिटर्नशिवाय लिहिलं होतं आणि ते बरोबर चालत होतं! असं:

इंट मसावि(इंट अ, इंट ब) {
    इफ (ब == ०) रिटर्न अ;
    मसावि(ब, अ % ब);
}

१०७१ आणि ४६२ दिले की २१ यायचे. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी हे चूक म्हणून मार्क कापले. मी चालवून दाखवलं तरी ऐकेनात. आज वाटतंय माझ्यावर अन्याय झाला. पायथनमध्ये चालत नाही मग सीमध्ये कसं चाललं?

जुना_टर्बोवाला
अन्याय नाही झाला बाळा, नशीब जोरावर होतं. इंटेलच्या जुन्या ३२ बिटी पद्धतीत फंक्शननं परत द्यायचा पूर्णांक ईएएक्स नावाच्या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या एका छोट्या कप्प्यात) ठेवायचा असं ठरलेलं असतं. तुझ्या सर्वांत आतल्या कॉलनं २१ तिथं ठेवले. त्याच्या वरचा कॉल काहीच न करता संपला, म्हणजे त्या रजिस्टरला कुणी हात लावला नाही. त्याच्या वरचाही तसाच. शेवटी मेननं, म्हणजे मुख्य फंक्शननं, तिथं पाहिलं तर २१. निरोप कुणी पोचवला नाही, ओसरीवर पडून होता तो पहिल्या माणसानं उचलला.

रिकर्सिव्ह कॉलनंतर (फंक्शन स्वतःलाच बोलावतं त्या ओळीनंतर) एखादा प्रिंटएफ टाकून बघ. प्रिंटएफ स्वतः किती अक्षरं छापली तो आकडा परत देतं, ते त्याच रजिस्टरमध्ये येऊन बसेल आणि तुझा मसावि भलताच होईल. नाहीतर ऑप्टिमायझेशन चालू करून कंपाइल कर. कंपायलर बघतो की ह्या कॉलच्या उत्तराचा कुणी उपयोग करत नाही, मग तो कॉलच काढून टाकू शकतो. सीच्या नियमात असं न दिलेलं उत्तर वापरणं हे ‘अनडिफाइंड’ आहे, काहीही झालं तरी तक्रार नाही. ‘डॅश डब्ल्यू-ऑल’ लावून कंपाइल केलं असतंस तर जीसीसीनं इशारा दिला असता. जावा तर असला कोड कंपाइलच करत नाही.

देसूर_रोड
प्रिंटएफ टाकून बघितलं. १०७१ आणि ४६२ चा मसावि ७ आला. :( प्रिंटएफमध्ये मी ‘परतलो’ च्या जागी इंग्रजीत सहा अक्षरांचा शब्द आणि नवी ओळ टाकली होती. सहा आणि एक सात. सरांची माफी मागायला पाहिजे.

जुना_टर्बोवाला
बघ! असलं स्वतः करून बघणारी पोरं कमी राहिलीत.

जाता जाता जुनी आठवण. आम्ही शिकलो तेव्हा बेळगावात व्हीटीयू (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ) नव्हतं, ते १९९८ चं. आमची परीक्षा धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची. टर्बो पास्कल होतं. पास्कलमध्ये रिटर्न हा शब्दच नव्हता, फंक्शनच्या नावालाच किंमत द्यायची: फॅक्ट := एन * फॅक्ट(एन - १). डावीकडचं फॅक्ट म्हणजे उत्तर ठेवायची जागा, उजवीकडचं म्हणजे पुन्हा बोलावणं. एकाच ओळीत एकच नाव दोन अर्थांनी. आमच्या बॅचमधला एक जण शेवटपर्यंत ह्यावरून भांडत होता की स्वतःच स्वतःच्या बरोबर कसं असेल. वीज गेली की फ्लॉपीवर न घेतलेलं सगळं गेलं, तेव्हा हा वाद मेणबत्तीवर चालायचा.

त्याच्याही आधीच्या फोरट्रान ७७ च्या प्रमाणात तर फंक्शननं स्वतःला बोलावायला परवानगीच नव्हती. फोरट्रान ९० मध्ये ती आली, पण ‘रिकर्सिव्ह’ असं आधी जाहीर करायचं आणि उत्तर कुठल्या नावात ठेवणार ते ‘रिझल्ट’ म्हणून वेगळं सांगायचं. पास्कलमधला तो गोंधळ नको म्हणूनच असणार, असं आपलं माझं मत.

घटप्रभा
मला रिकर्शन कळण्यासाठी आधी रिकर्शन कळायला पाहिजे.

मार्कंडेय_काठ
हा विनोद दर धाग्यात कुणीतरी करतं. बेस केस (थांबायची अट) लावा त्याला.

शहापूरचे_सर
निवृत्त गणित शिक्षक. पोरांनो, वाचून गंमत वाटली म्हणून लिहितो. उत्तर खालून वर आणायचं हे कॉम्प्युटरच्या फार आधीचं आहे. आर्यभटानं ‘आर्यभटीया’त, म्हणजे सन ४९९ मध्ये, कुट्टक दिला. ८ ला कितीनं गुणलं की २९ नं भागल्यावर बाकी १ राहील? देसूर_रोडनं मसावि काढला तसेच भागाकार करत खाली जायचं: २९ भागिले ८, भागाकार ३ बाकी ५. मग ८ आणि ५, भागाकार १. ५ आणि ३, भागाकार १. ३ आणि २, भागाकार १, बाकी १. थांबा.

आता हे भागाकार एकाखाली एक लिहायचे, ३, १, १, १, आणि त्यांच्याखाली १ आणि ०. ह्या उभ्या रांगेला वल्ली म्हणतात, म्हणजे वेल. आता वेलीवरून वर चढा: १×१+०=१. मग १×१+१=२. मग १×२+१=३. मग ३×३+२=११. उत्तर ११. पडताळा: ८×११=८८, आणि २९×३=८७.

उतरताना नुसते भागाकार जमा केले, उत्तराचा पत्ता नव्हता. उत्तर तयार झालं ते चढताना, आणि प्रत्येक पायरीला खालच्या *दोन* संख्या लागल्या. ज्याला चढायचा कंटाळा आला त्याच्या हातात नुसती वेल राहिली. वर्गात मी हे करून घ्यायचो तेव्हा निम्मी मुलं खाली पोचली की वही मिटायची.

जुना_टर्बोवाला
सर, दंडवत. हेच आम्ही ‘एक्स्टेंडेड युक्लिड’ म्हणून इंग्रजी पुस्तकातनं घोकलं.

निपाणीचा_नाना
सर म्हणजे कुंदा पाच जिने वर चढवायचा आणि प्रत्येक जिन्यात थोडा घालायचा. कमी नाही करायचा.

खानापूरकर_पोरगा
मार्कंडेय_काठ, तुमचं चाललं! परशराम आला. लै आभार. मग मी जरा शहाणपणा केला. आजोबांना माणूस नको, मूळपुरुषापासून कितवी पिढी ते पाहिजे. म्हणून सापडला की ‘रिटर्न ०’, आणि वर येताना एकेक मिळवायचा, सरांच्या वेलीसारखा:

        उत्तर = शोध(मूल, नाव)
        इफ उत्तर:
            रिटर्न उत्तर + १

आता सगळ्यांना परत नन. फक्त मूळपुरुषाचं नाव दिलं की ० येतं. माझ्या घरातलाच कॉम्प्युटर असा करतोय की सगळ्यांचा?

मार्कंडेय_काठ
‘इज नॉट नन’ कुठं गेलं? मी उगाच नव्हतं लिहिलं ते. पायथनला ‘इफ ०’ म्हणजे खोटं. सापडलेल्यानं ० दिला, त्याच्या बापानं बघितलं, शून्य आहे म्हणजे काही नाही, म्हणून टाकून दिला. शून्य हे उत्तर आहे. नन म्हणजे उत्तर नाही. ती अट परत जशीच्या तशी लाव.

दुसरा रस्ता पण आहे: पिढी खाली जाताना बरोबर द्यायची, शोध(मूल, नाव, पिढी + १). मग सापडेल तिथं पिढी तयारच असते, वर येताना बेरीज नाही, नुसतं पोचवायचं. मला हा सोपा वाटतो. सरांना नाही आवडणार.

शहापूरचे_सर
चालेल की. पण मग वेल कशाला लावली?

अथणीअण्णा
तमा, मला एक सांग. आपल्याकडं नातवाला आज्ज्याचं नाव ठेवायची पद्धत. तुमच्यात परशराम एकच आहे काय?

खानापूरकर_पोरगा
अण्णा… नाही. हे लक्षातच आलं नव्हतं. पहिला सापडला की तोच येतोय.

पुण्यात_बेळगावकर
मग यादी परत कर. प्रायश्चित्त म्हणून ह्या वेळी चालवून बघून लिहितोय:

डेफ शोध(माणूस, नाव, पिढी):
    यादी = []
    इफ माणूस.नाव == नाव:
        यादी.अपेंड((माणूस, पिढी))
    फॉर मूल इन माणूस.मुलं:
        यादी.एक्स्टेंड(शोध(मूल, नाव, पिढी + १))
    रिटर्न यादी

इथं नन ही भानगडच नाही. कुणी नाही मिळालं तर रिकामी यादी, ती जोडली तरी काही बिघडत नाही. म्हणून तपासायचं पण काही नाही.

दोन खड्डे सांगून ठेवतो, दोन्हीत पडलोय. ‘यादी = यादी.एक्स्टेंड(…)’ लिहू नको. एक्स्टेंड जागेवरच जोडतं आणि स्वतः नन परत देतं, म्हणजे हातची यादी पण जाईल. दुसरं, ‘यादी = []’ वर कंसात घालून डीफॉल्ट करू नको. ती यादी फंक्शन बनतं तेव्हा एकदाच बनते, आणि दुसऱ्यांदा हाक मारलीस की पहिल्या वेळची माणसं तिथंच बसलेली असतात. लग्नाच्या पंगतीत ताट न उचलता दुसरी पंगत बसवल्यासारखं.

घटप्रभा
२१४ माणसं म्हणजे स्टॅक फुटायचा नाही ना?

मार्कंडेय_काठ
नाही गा. माणसं किती ह्याला महत्त्व नाही, पिढ्या किती ह्याला आहे. पायथनची मर्यादा सहसा १००० ची असते. स्टॅक म्हणजे आपली उतरंड. खानापूरच्या कुंभारवाड्यात बघितली असशील, मडक्यावर मडकं. प्रत्येक कॉल एक मडकं वर ठेवतो, परतला की ते निघतं. एका पातीतनं वर आलं की तेवढी मडकी उतरलेली असतात, मग दुसऱ्या पातीची चढतात. एका वेळी आठ-नऊच्या वर नाहीत.

खानापूरकर_पोरगा
मंडळी, झालं!! परशराम चार निघाले. दुसऱ्या पिढीत एक, चौथ्या पिढीत एक, पाचव्यात दोन. कागदावर काढून आजोबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, पाचव्यातले हे दोघं एकच. मधल्या पातीत जन्मला, धाकट्या पातीत मूल नव्हतं म्हणून दत्तक गेला. मी दोन्हीकडं वेगवेगळा घातलाय. माझा कोड बरोबर आणि उत्तर चूक!

जुना_टर्बोवाला
वा! मग ते झाड राहिलं नाही. एकाला दोन बाप. ऑब्जेक्ट एकच बनव, दोन्ही यादीत तोच ठेव, आणि भेटलेल्यांचा एक संच बरोबर फिरव म्हणजे दोनदा मोजला जाणार नाही.

अथणीअण्णा
वाटणीला मात्र दत्तक घरातलाच धरतात. वकिलाला विचारून ठेवा, आधीच काही नावावर झालं असेल तर वेगळं.

टिळकवाडी_काकू
मघापासून वाचतेय. एक विचारू? तुझ्या २१४ माणसांत बाई एक तरी आहे का? थोरला, मधला, धाकटा, सगळे परशरामच. कर्नाटकात मुलींना वडिलोपार्जित जमिनीत वाटा १९९४ मध्ये मिळाला, बाकी देशात पुष्कळ ठिकाणी २००५ उजाडावं लागलं. आणि तू वाटणीसाठीच वंशावळ करतोयस ना?

निपाणीचा_नाना
काकूंनी एका वाक्यात सगळा डेटा पाडला.

खानापूरकर_पोरगा
काकू, नाही. एकही नाही. वहीत होते तसे उतरवले.

खानापूरकर_पोरगा
(दोन दिवसांनी) आत्यांची नावं घालायला बसलोय. वहीत नाहीत, आज्जी तोंडी सांगायलीय, भाकरी थापता थापता. एक अडचण आली: आत्याची मुलं दुसऱ्या आडनावाची, त्यांच्या पोरीची मुलं तिसऱ्या. तिथं थांबायचं की फंक्शन पुढं जाऊ द्यायचं? आजोबा म्हणाले, थांब. आज्जी म्हणाली, लिही पुढं. सध्या ३०६ झालेत आणि मी अजून थोरल्याच पातीत आहे.